पायावर उमटलेली बांगडी

खट्.

सगळं घर गाढ झोपलेलं असताना संडासाची कडी वाजली, आणि सासऱ्यांच्या मते गुन्हेगारीच्या इतिहासात एका पानाची भर पडली.

सकाळी त्यांनी डोळ्याला भिंग लावूनच चहा घेतला. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, तेव्हाचं ते भिंग. निवृत्तीनंतर घड्याळं गेली, भिंग राहिलं आणि त्यामागे एक गुप्तहेर उगवला.

"सूनबाई, या डोळ्यानं केसाहून बारीक स्प्रिंगा हेरल्यात. माणसाचं मन म्हणजे काय, जरा मोठी स्प्रिंग. आजवर माझ्या नजरेतून काही निसटलेलं नाही. माझा चष्मा पाहिलास का?"

"कपाळावर आहे, बाबा."

पदानं सूनबाई त्यांची साहाय्यक होती. पगार म्हणून उष्टे कप मिळत.

प्रकरण खरं तर नातीनं आणलं होतं. महिनाभर आजी तिला कुशीत घेऊन झोपत नव्हती. संडासाशेजारच्या सोफ्यावर पथारी टाकत होती. "आजी माझ्यावर रुसलीय का?" एवढीच पोरीची तक्रार. आजोबांनी ती दाखल करून घेतली आणि तपास भलतीकडेच नेला.

आधी त्यांना वाटलं, कुणी परकं घरात शिरतं. म्हणून त्यांनी पॅसेजमध्ये पीठ पसरलं. सकाळी ठसे सापडले ते त्यांच्याच चपलांचे, आणि नातीच्या खोलीकडे वळलेलं एक अनवाणी पाऊल. ते भिंग आणायला गेले, तेवढ्यात सूनबाईनं पीठ झाडून घेतलं. रात्री पाणी वाजतं, म्हणून मग संशय नळावर गेला. प्लंबरनं नळ उघडून पाहिला, ठणठणीत आहे म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. शेवटी त्यांनी थेट बायकोला घेरलं.

"तू चोरून पाणी पितेस."

"अहो, पाणी कुणी चोरून पितं का?"

"तेच तर शोधायचंय," म्हणत त्यांनी तिची बाटली जप्त केली.

सासूबाईंचं कपडे शिवायचं दुकान होतं. दोन दिवस तिथे घसा कोरडा ठेवून त्या मशीनवर बसल्या आणि तिसऱ्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सुनेजवळ पुटपुटल्या, "अगं, आता लघवीला जळजळतंय. रात्रीतून चारदा उठावं लागतं, पोरीची झोप मोडते, म्हणून सोफा. वय झालं, चालायचंच."

"बाबांना सांगायचं ना."

"त्यांना? भिंग घेऊन मागे येतील."

दोघी तोंडाला पदर-ओढणी लावून हसत होत्या, तेवढ्यात खाली बसून आजीचे मोजे ओढणारी नात म्हणाली, "आजी, तुझ्या पायावर बांगडी उमटलीय. सकाळी नसते."

सूनबाईनं वाकून पाहिलं. मोज्याचा काठ घोट्यावर खोल रुतला होता. तिनं बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी लघवी, साखर, रक्तदाब सगळं तपासलं. जळजळीवर औषध दिलं आणि म्हणाल्या, "दिवसभर पाय खाली सोडून बसता, पाणी पायांत उतरतं. आडव्या झालात की ते परत फिरतं आणि मूत्रपिंडांना रात्रपाळी लागते. दुपारी पाय उंचावर ठेवून तासभर पडा. दिवसा पाणी भरपूर प्या, संध्याकाळनंतर हात आखडता घ्या. झोपण्याआधी चहा वगैरे घेता का?"

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रोज रात्री तिची जबानी घ्यायच्या आधी दोन कप चहा तेच करून देत.

"संशयिताला बोलतं करायला," असं म्हणून गुप्तहेरानं भिंग खिशात टाकलं.

तेव्हापासून दुपारी ते उशी घेऊन दुकानात जातात आणि बायकोच्या पायांवर पहारा देतात. ती आता रात्री एखाद्या वेळीच उठते आणि नातीला कुशीत घ्यायला परत येते.

"प्रकरण बंद," रविवारी त्यांनी जाहीर केलं. "फक्त ते अनवाणी पाऊल राहिलं."

"ते आईचं," नात म्हणाली.

भिंग सूनबाईकडे वळलं. हातातला कप केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी ती तो विसळत राहिली.

"आई, तू रोज रात्री येऊन माझ्या नाकाखाली बोट का धरतेस?"