आक्काच्या खानावळीतली तांबडी वाईन

नाशिकला वाईनचं दोन दिवसांचं शिबिर करून आल्यापासून संग्रामला कोल्हापुरात एकही माणूस नीट पिताना दिसेना! कुणी चहा बशीत ओतून फुर्र करी, कुणी उसाचा रस एका दमात घशाखाली घाली. संग्रामला त्यांची कीव यायची. स्वतः तो चहाचा कप तीनदा गोल फिरवी, नाक आत घाली, डोळे मिटे आणि सांगे, "मागनं जरा लाकडाच्या धुराचा वास येतोय."

"येणारच की," त्याची आई म्हणायची. "चुलीवर केलाय."

आई म्हणजे आक्काताई. राजारामपुरीतल्या मटणाच्या खानावळीची मालकीण. खाली सहा बाकडी, आत तीन चुली आणि रविवारी फुटपाथवर रांग. संग्राम कागदोपत्री भागीदार होता. प्रत्यक्षात दारात उभा राहून "किती जण? बसा, पाच मिनिटांत होतंय" एवढंच म्हणायची भागीदारी त्याच्याकडे होती.

पण खानावळीच्या वर एक हॉल रिकामा होता आणि त्या हॉलवर दोघांचा डोळा होता.

एक डोळा संग्रामचा. त्याला तिथं वाईन हॉल करायचा होता. मंद दिवे, काचेचे पेले, पांढरे टेबलक्लॉथ आणि दारात 'किती जण' विचारायला दुसरं कुणीतरी. दुसरा डोळा प्रसेनजीत सरांचा. सर बारावीला केमिस्ट्री शिकवत आणि इतकी चांगली शिकवत की त्यांच्या आताच्या जागेत निम्मी पोरं जिन्यावर बसून वही लिहीत. सरांनी हॉल भाड्यानं मागितला होता. आक्काताईला ते पसंत होतं, पण पोटचा पोरगा महिनाभर हट्ट धरून बसला होता.

शेवटी तिनं निकाल लावला.

"हे बघ, येत्या रईवारी दुपारी काय ती तुझी वाईन वर पाज. मी मटण देतो. जेवलेल्या पावण्यांतल्या एकानं जरी आपल्या तोंडानं 'परत येतो' म्हटलं, तर हॉल तुझा. न्हायतर सोमवारी सर फळा लावत्यात. आणि तू इचारायचं न्हाय! त्यानं आपणहून म्हणाय पायजे."

"एक?" संग्राम हसला. "आक्का, लाइन लागंल!"

साल दोन हजार चार, महिना एप्रिल. एप्रिलचं मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं त्यानंच केलं.

नाशिकच्या एका नव्या वायनरीनं माल आणि माणूस दोन्ही पाठवायचं कबूल केलं. माणूस म्हणजे सोनम नावाची, तिशीतली, चटपटीत मुलगी. एका दिवसाचा परवाना, दोन खोकी वाईन आणि कुतूहल एवढं घेऊन ती रविवारी सकाळी उतरली. खाली खानावळीच्या दाराशी बर्फाची लादी फोडून घंगाळ भरलं होतं. सोनमनं पांढऱ्या वाईनच्या बाटल्या त्यात रोवल्या आणि तांबड्याही रोवायला घेतल्या.

संग्राम धावला. "ओ मॅडम! तांबडी बर्फात?"

"हो. आमची तांबडी जुन्या पद्धतीची जड नाहीये. हलकी आहे, फळांच्या चवीची. गार करूनच मजा येते."

"शास्त्रात बसत न्हाय!" संग्रामनं तिच्या हातातून बाटली काढून घेतली. "मटणाबरोबर तांबडी. तांबडी रूम टेम्परेचरला. आणि दोन तास आधी उघडून ठेवायची, श्वास घ्यायला. मला तुमच्या नाशकातच शिकवलंय."

"अहो, पण ती रूम फ्रान्समधली! दगडी घर, थंडीचे दिवस. तुमची रूम कुठली?"

संग्रामनं बोट वर केलं.

ती रूम बरोबर तीन चुलींच्या डोक्यावर होती. वरनं पत्रा, खालनं जाळ. पालसुद्धा दुपारी तिथनं स्थलांतर करायची. संग्रामनं त्या हॉलात सहा बाटल्या ओळीनं उघडून ठेवल्या आणि श्वास घ्या म्हणून दारही लावून घेतलं!

मग त्यानं यल्लाप्पाला शिकवायला घेतलं. यल्लाप्पा हा खानावळीचा वाढपी. वीस वर्षं एका हातात तांबड्या रश्श्याची बादली, दुसऱ्यात पांढऱ्याची. पावण्याची वाटी रिकामी दिसली की यल्लाप्पाला स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटायचं.

"हे बघ. पेल्यात एवढंच ओतायचं. तिसरा हिस्सा."

"आणि वरचा पेला, मालक?"

"रिकामा. तिथं वास साठतो."

यल्लाप्पानं पेला उजेडाला धरून बराच वेळ पाहिला. "मालक, आपल्यात एवढं फक्त पेशंटला देत्यात."

साडेबाराला पावणे आले. केरबाअण्णा आणि त्यांच्याबरोबरचे चौघे, सगळे शाहूपुरीतले गुळाचे अडते. संग्रामनं मुद्दाम त्यांनाच बोलावलं होतं. केरबाअण्णा गुळाच्या ढेपेला नख लावून नाकाशी धरीत आणि रस कुठल्या तालुक्यातला, तो आटवताना काहिलीला जाळ कमी पडला की जास्त, हे सांगत. असला माणूस 'परत येतो' म्हणाला तर ते अख्ख्या बाजारपेठेत पोचलं असतं. त्यांच्या मागोमाग प्रसेनजीत सरही आले. आक्काताईनं त्यांना जेवायला बोलावलं होतं. सर पीत नसत. त्यांनी हसून नमस्कार केला, खिशातनं मोजायचा टेप काढला आणि हॉलच्या कोपऱ्यातनं मापं घ्यायला सुरुवात केली.

"सर, आज तरी!" संग्राम कळवळला.

"तुमचं चालू द्या. माझी बाकं बसतात का, एवढंच बघतो."

पावण्यांनी हॉलात पाऊल टाकलं आणि पाचही जणांनी एकदम टोप्या काढून वारा घेतला. संग्रामनं ते आदरानं टोप्या काढल्या असं धरलं.

"तर मंडळी, वाईन चाखायची म्हंजे आधी बघायची, मग हुंगायची, मग तोंडात घोळवायची." त्यानं प्रात्यक्षिक दाखवलं. गाल इकडून तिकडे हलले, गुळगुळ आवाज झाला. "आणि मग," म्हणत त्यानं शेजारच्या स्टीलच्या बादलीत पिचकारी सोडली.

पाचही माना बादलीकडं वळल्या.

केरबाअण्णांनी शेजाऱ्याकडे बघितलं. "मालकच थुकाय लागलाय."

"न्हाय न्हाय अण्णा, ती पद्धत हाय!"

"आमच्यातबी पद्धत हाय. गूळ चाखून थुकला की सौदा मोडला. आणि आपलाच माल आपुन थुकणारा अडत्या मी जन्मात बघितलेला न्हाय."

नेमकी त्याच वेळी आक्काताई पांढऱ्या रश्श्याचं पातेलं घेऊन जिना चढून वर आली होती. संग्रामला पद्धत नीट समजावून सांगायची होती म्हणून त्यानं दुसरा घोट घेतला आणि आईच्या डोळ्यांदेखत बादलीत टाकला.

"आरं मुडद्या!" पातेलं खाली आदळलं. "भरल्या ताटावर थुकतोस? पावण्यांच्या म्होरं? आणि माझ्या रश्श्याच्या बादलीत?"

"आक्का, तज्ज्ञ लोक असंच..."

"तज्ज्ञांच्या आया कुठं गेलत्या?"

बादली जप्त झाली. सोनम खिडकीकडे तोंड करून खोकू लागली. खोकताना खांदे इतके हलत नाहीत, पण असो.

आता ताटं आली. सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी. यल्लाप्पानं सांगितल्याप्रमाणं तिसरा हिस्सा तांबडी वाईन ओतली. ओतताना त्याची मान शरमेनं खाली होती.

"काय रं यल्लाप्पा, खोकल्याचं औषध हाय का काय?" एक अडत्या म्हणाला. "भर की!"

एवढंच ऐकायचं होतं. यल्लाप्पानं पाचही पेले काठोकाठ भरले आणि वीस वर्षांच्या सवयीनं पुढच्या घोटासाठी बाटली तयार धरून उभा राहिला.

पावण्यांनी रश्श्याचा भुरका मारला आणि वर वाईनचा घोट घेतला.

आता हे समजून घ्या. आक्काताईचा तांबडा रस्सा म्हणजे बोलायचं काम नाही, जाळ आणि धूर संगटच! त्यावर माणसाला गार काहीतरी लागतं. आणि संग्रामची वाईन दोन तास चुलींवर शेकून आंघोळीच्या पाण्याएवढी झाली होती. तिनं आग विझवली नाही, आगीला वारा घातला. पाच माणसं एकाच वेळी लाल झाली. एकाच्या डोळ्यांतनं पाणी आलं. एक नुसताच "आई, आई" म्हणाला, आणि तो साठीचा होता.

केरबाअण्णांनी मात्र तोंडातला घोट गिळून, नाक पेल्यावर धरून, शांतपणे निदान केलं. "मूळ माल चांगला हाय. जांभळाची, करवंदाची चव हाय. पण काहिलीला लागलाय. शेवटाला जाळ जास्त झाला."

सोनम चमकून वळली. "अगदी बरोबर! तुम्ही कुठं शिकलात?"

"मार्केट यार्डात," अण्णा म्हणाले.

यल्लाप्पानं खालच्या घंगाळातनं पांढरी वाईन आणली. बाटलीवरनं थेंब ओघळत होते. ती जरा गोडसर, जरा आंबूस होती. तोंडात गेली की जीभ सुटल्यासारखी व्हायची. पहिल्याच घोटाला केरबाअण्णांच्या चेहऱ्यावरची एक एक शीर सैल झाली. त्यांनी एकदा पांढऱ्या पेल्याकडं बघितलं, एकदा तांबड्याकडं. आणि अर्धी पांढरी सरळ तांबड्यात ओतली!

संग्रामच्या तोंडून किंकाळी निघाली. "अण्णा! काय करताय?"

"काय म्हंजे? तांबडा जाळाय लागला की त्यात पांढरा घालायचा. रश्श्याला न्हाय का घालत आपुन?"

"ही वाईन हाय! असलं चालत न्हाय! काही देशांत ह्याला बंदी हाय!"

"मग त्या देशात न्हाय करणार मी," अण्णा म्हणाले आणि गुलाबी झालेला पेला त्यांनी निम्मा केला. "लई भारी! घ्या रं."

चौघांनी घेतलं. पाच पेले गुलाबी झाले. संग्रामनं जीव मुठीत धरून सोनमकडं बघितलं. आता ही खोकी उचलणार आणि नाशिक गाठणार! सोनमनं स्वतःचा पेला पुढं केला. "अण्णा, मला तुमच्याच मापानं."

तेवढ्यात एक अडत्या उठला. "हात धुऊन येतो."

पाच मिनिटांनी दुसरा उठला. त्यालाही हात धुवायचे होते. मग तिसरा आणि चौथा. केरबाअण्णा उठताना ताटच बरोबर घेऊन गेले, तेव्हा संग्रामला जरा शंका आली, पण त्याच वेळी तो राहिलेली तांबडी आणखी श्वास घ्यायला खिडकीत ठेवत होता. वळून बघतो तर सोनमही नाही. हॉलात फक्त प्रसेनजीत सर, टेपचं टोक भिंतीला लावून.

"जरा हे टोक धरता?" सर म्हणाले.

संग्रामनं टोक धरलं. "सर, माणसं कुठं गेली?"

"खाली. अठरा फूट चार इंच. सोडा आता."

संग्राम जिना उतरला. खाली दाराजवळच्या बाकड्यावर, पंख्याखाली, वाऱ्याच्या तोंडावर सगळी मैफल जमली होती. पेले वरच राहिल्यानं यल्लाप्पानं स्टीलचे तांबे आणि भांडी काढली होती. घंगाळ बाकड्याशेजारी ओढलं होतं आणि त्यात सोनमनं राहिलेल्या तांबड्या बाटल्याही बुडवल्या होत्या. यल्लाप्पा एका हातात पांढरी, एका हातात तांबडी घेऊन बाकड्यांमधनं फिरत होता. रांगेतली माणसं आपला नंबर विसरून त्याच्याकडंच बघत होती.

"पांढरी घालू का तांबडी?"

"घाल की दोन्ही!"

सोनम वहीत भराभर लिहीत होती. गार केल्यावर नुसती तांबडीही रश्श्यापुढं टिकते, असं तिनं केरबाअण्णांना पटवलं होतं. अण्णांनी भांडं कपाळाला लावून गारवा तपासला, घोट घेतला आणि मान डोलावली. "आता जमलं. आता करवंद करवंदासारखं लागतंय. आक्काताई, फुडच्या रईवारी परत येतो आम्ही!"

संग्राम जागच्या जागी उडाला. "आक्का! ऐकलंस? आपणहून म्हणाले! मी इचारलं न्हाय! हॉल माझा!"

आक्काताईनं चुलीवरनं मान वर केली, पदराला हात पुसले आणि कमरेची किल्ली काढली. शब्द म्हणजे शब्द. तिनं ती त्याच्या हातावर ठेवली.

"हॉल तुझा. मी न्हाय म्हणत न्हाय. पण अण्णांना एवढं इचार, कुठं येणार म्हणून."

"हितंच की!" केरबाअण्णांनी बाकडं थोपटलं. "वर कोण जातंय त्या भट्टीत?"

"संग्रामदादा, मीही येते," सोनम म्हणाली. "कंपनीच्या दहा जणांना घेऊन. फक्त टेबल इथलं, पंख्याजवळचं."

संग्रामनं किल्ली घट्ट धरली आणि ताठ मानेनं जिना चढून वर गेला. आपल्या हॉलाच्या मधोमध उभा राहिला. पांढरे टेबलक्लॉथ होते, काचेचे पेले होते, खिडकीत बाटल्या श्वास घेत होत्या. प्यायला मात्र कुणी नव्हतं. खालनं हसण्याचा आवाज येत होता आणि चुलींची धग पायांतनं गुडघ्यापर्यंत चढत होती. तो दहा मिनिटं उभा राहिला. अकराव्या मिनिटाला त्याच्या कानामागून घामाची एक धार निघाली आणि सरळ बुटात गेली.

प्रसेनजीत सर टेप गुंडाळत होते.

"सर," संग्राम म्हणाला, "पोरांना सकाळचंच बोलवाल न्हवं? चुली पेटायच्या आधी?"

"साडेसहा ते साडेनऊ. का?"

संग्रामनं किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि मागं न बघता खाली आला. केरबाअण्णांनी सरकून टीचभर जागा केली. संग्राम बसला. यल्लाप्पानं त्याच्यापुढं स्टीलचं भांडं ठेवलं आणि न विचारता आधी तांबडी, मग पांढरी, अशी काठोकाठ भरली. भांड्याच्या अंगावर दव धरलं होतं. संग्रामनं ते फिरवलं नाही, हुंगलं नाही. रश्श्याचा भुरका मारला आणि वर एक मोठा घोट घेतला.

सोनमनं पेन सरसावलं. "बोला संग्रामदादा, तुम्ही शिकून आलात. कशी वाटते?"

सगळी बाकडी त्याच्याकडं बघू लागली. संग्रामनं डोळे मिटले. दोन दिवसांच्या शिबिरात ऐकलेले सगळे शब्द त्यानं मनातल्या मनात ओळीनं उभे केले, एकेक तपासला, आणि शेवटी त्यातला एकही न निवडता प्रामाणिकपणे सांगितलं,

"गार हाय की!"