सगुणा मैनेची डरकाळी

मुलांनो, जरा सरकून बसा. एका जंगलात सगुणा नावाची मैना राहत होती. तिला सगळ्यांचे आवाज काढता येत. अस्वलाचं घोरणं, तरसाचं हसणं, माकडिणीचं पोरांवर खेकसणं, सगळं हुबेहूब.

तिथला राजा होता दुर्जयसिंह. एका थंडीत त्याचा घसा बसला. डरकाळी फोडायला गेला की नुसती हवा यायची. हरणं बिनधास्त गुहेसमोर चरू लागली.

प्रधान कोल्हा घाबरला. त्याने सगुणाला गुपचूप गुहेमागच्या झुडपात बसवलं. रोज संध्याकाळी राजा आतल्या अंधारात तोंड उघडी आणि सगुणा डरकाळी फोडी. शेवटी हौसेने एक छोटी तानही घेई. डरकाळी फार गाजली. प्राणी लांबून लांबून ऐकायला येऊ लागले.

हळूहळू राजाचा घसा मोकळा झाला. आनंदाने तो एकटाच पाणवठ्यावर गेला आणि स्वतः डरकाळी फोडली. ती जरा खरखरीत निघाली. तान तर नव्हतीच. त्यात आजारपणात त्याची आयाळ झडलेली.

महाराजांची नक्कल करतो म्हणून रानडुकरांनी त्याला धरलं. कड्यावरून लोटून द्यायचं ठरलं. प्रधानाने राजाला ओळखलं होतं. पण झुडपात आवाज तयार असताना राजा कशाला हवा, असा विचार करून तो गप्प बसला.

सगुणाला ते बघवेना. ती फांदीवर येऊन म्हणाली, "अहो, हेच खरे महाराज. डरकाळी मी फोडत होते."

हे ती स्वतःच्या आवाजात बोलली. तो आवाज बारीक होता, आणि कुणी कधी ऐकलेलाच नव्हता.

"ही कोण आता?" सशाने विचारलं. मोठ्या लोकांच्या कामात मध्ये पडू नये, असं रानडुकरांनी तिला समजावलं आणि राजाला कड्याकडे ढकलायला सुरुवात केली.

सगुणा पानांत शिरली. तिथून डरकाळी आली, तानेसकट. "सोडा त्याला. तो मीच आहे."

सगळ्यांनी ताबडतोब माना झुकवल्या. महाराज पानांत कसे आणि कड्यावर कसे, हे कुणी विचारलं नाही. सर्वांत आधी प्रधानाने राजाचे पाय धरले.

जाता जाता ससा राजाला हळूच म्हणाला, "महाराज, डरकाळीचा थोडा रियाज ठेवा."

राजा हल्ली सगुणाकडे शिकायला जातो. तान मात्र अजून बसलेली नाही.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. फक्त ते स्वतःच्या आवाजात बोलू नये.