इवलीचा दगड आणि सपाट नदी

बालमित्रांनो, एका जंगलात एक नदी होती आणि त्या नदीत मळू नावाच्या एका आईला तीन रात्री झोप लागली नव्हती. माशांना पापण्या नसतात. जागे असोत की झोपलेले, डोळे उघडेच. त्यामुळे मळू जागी आहे हे कुणाला कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

काळजी इवलीची होती. इवली म्हणजे मळूची लेक, बोटाच्या पेराएवढी. ती दगड सोडत नसे.

तसं पाहिलं तर मळ्या जातीचा मासा दगडाला धरूनच जगतो. त्याच्या ओठाखाली एक चकती असते. पाणी कितीही खळाळत येवो, तो त्या चकतीने दगडाला चिकटतो आणि तिथलंच शेवाळ खरवडून खातो. मळूची आई अशीच जगली, आजीही अशीच जगली. पण मळू थोडी शिकलेली होती. शिकलेल्या आईला आपलं मूल आपल्यासारखं निघालं की भीती वाटते.

त्यात शेजार मरळकाकूंचा. त्या खालच्या डोहात, उंबराच्या मुळांच्या जाळीत राहत. त्यांची पोरं घोळक्याने इकडून तिकडे पळत आणि काही हललं की मुळांत शिरत.

"आमची तीनशे आहेत," काकू एकदा म्हणाल्या, "पण एक असं चिकटून बसेल तर शपथ. तुझी एकुलती एक ना गं? मग जरा लक्ष दे की."

त्या दिवशी मळूने अर्ज केला. (हसू नका. तुमच्या आईनेही असा एखादा अर्ज कुठेतरी केलेला असतो.)

अर्ज मत्स्यकल्याण समितीकडे होता. समितीचे अध्यक्ष पाणमांजर होते. माशांबद्दल त्यांच्याइतकी ओढ जंगलात दुसऱ्या कुणालाच नव्हती, म्हणून निवड बिनविरोध झाली होती.

मळूचं मागणं लहान होतं. इवली धरून बसते त्या तिसऱ्या दगडापाशी पाण्याचा जोर थोडा कमी करावा, म्हणजे इवलीला दगड सोडायचा धीर येईल, एवढंच.

अध्यक्षांनी अर्ज दोनदा वाचला. मग ते फार हळुवारपणे म्हणाले, "ताई, एकीसाठी करणं नियमात बसत नाही. सगळ्यांसाठी केलं तर बसतं."

मग सगळ्या आयांची सभा भरली. मुलांना काय काय अडचणी आहेत ते सांगा, असं अध्यक्ष म्हणाले. आयांना असं कुणी आजवर विचारलंच नव्हतं, त्यामुळे सभा दोन दिवस चालली. एकीला दगडांचे कोपरे टोचत होते. एकीची मुलं वाळूत तोंड खुपसून बसत, ती सवय मोडायची होती. मरळकाकूंनी सांगितलं की डोह फार खोल आहे, तळ दिसत नाही, आणि उंबराची सावली इतकी गडद की पोरांना दुपारी अभ्यासाला उजेड नाही. प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी माना डोलावल्या. मळूनेही डोलावली. आपण सुरू केलेल्या गोष्टीत आपणच मागे राहायचं कसं?

विरोध एकट्या खडसआजोबांनी केला. सोनेरी खवल्यांचा हा थोराड मासा त्या उंबराची पडलेली फळं खाऊन मोठा झाला होता. दगडावर आपटल्याशिवाय पाण्यात हवा मिसळत नाही, आजोबा म्हणाले, आणि डोह बुजवलात तर उन्हाळ्यात सगळ्यांनी जायचं कुठे? अध्यक्षांनी हे नीट लिहून घेतलं. वर मथळा दिला, 'ज्येष्ठांच्या भावना'.

कामाला गवे आले. त्यांनी दगड ढकलत काठावर नेले. रानडुकरांनी काठ उकरून डोह भरला. उंबर पडला. खेकड्यांनी पायांनी खोली मोजून पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडे वीतभर, अगदी एकसारखी. नदी सुरेख दिसत होती. जंगलातले प्राणी सहकुटुंब पाहायला आले.

आणि इवलीने दगड सोडला. दगडच नव्हता.

मळूने ही बातमी भेटेल त्याला सांगितली. "आता मोकळी पोहते हो," ती म्हणे. खरं तर इवली पोहत नव्हती, वाहत होती. थोडी वाहायची, आईच्या पोटाला चिकटायची, पुन्हा सुटायची. शेवाळ दगडाबरोबर गेलं होतं, त्यामुळे ती जेवतही नव्हती. ऋतू बदलला की भूक मंदावते, असं मळूने कुठेतरी ऐकलं होतं. ते खरं असावं, असं तिने ठरवलं.

पाणी तापू लागलं. मोकळ्या काठाची माती सुटून तळाला गाळ बसला. खडसआजोबा एका दुपारी कुणाचा निरोप न घेता दिसेनासे झाले. मरळकाकू टिकल्या, कारण मरळ पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेऊ शकते. पण पोरांना लपायला मुळं उरली नव्हती आणि अध्यक्षांच्या पाहणी दौऱ्यांना तर आता फार वेळ लागत नसे. तीनशेतली किती राहिली हे काकू सांगत नसत. म्हणत, मोजू नये, नजर लागते. मग एका भिजट सकाळी उरलेल्यांना काठाकाठाने पुढे घालून त्या शेजारच्या भाताच्या खाचरात निघून गेल्या. मळूने विचारलं, येणार ना परत? काकू पहिल्यांदाच काही टोचून बोलल्या नाहीत.

त्यांच्या जागी चिलापी आल्या. चिलापी कुठेही राहते, काहीही खाते, कोमट पाण्याला नावं ठेवत नाही आणि धोका दिसला तर पिल्लं तोंडात घेऊन चालू लागते. त्यांची चिक्कार मुलं झाली. सगळी सारखी, सगळी गुटगुटीत. वर्षअखेरीला समितीचा अहवाल आला. सुधारणेपूर्वी नदीत मासे चारशे दहा होते, आता चारशे एकवीस. पूर्वी ते एकोणीस प्रकारचे होते, पण प्रकारांचा रकाना तक्त्यात नव्हता. अकराने प्रगती झाल्याबद्दल अध्यक्षांचा सत्कार झाला. त्यांचं वजन वाढल्यामुळे हार जरा तोकडा पडला.

त्याच दिवशी दुपारी इवली सापडेना.

मळूने सगळी नदी पालथी घातली. त्याला वेळ लागला नाही, नदी सगळीकडे सारखीच होती. शेवटी उथळ पाण्यात एक काळा गोल दगड दिसला आणि त्यावर इवली चिकटलेली दिसली. मळूचा जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी पोरीला दगड मिळाला होता.

मग दगडाने मिशी हलवली.

सत्काराच्या जेवणानंतर अध्यक्ष पाण्यात पोट वर करून झोपले होते. इवली त्यांच्या पोटावर होती.

मळू जवळ गेली. बाळांनो, आयुष्यभर जी गोष्ट ती ओरडून सांगत आली, तीच आता कुजबुजून सांगायची होती. "सोड."

इवली आणखी घट्ट चिकटली. तिला कितीतरी दिवसांनी धरायला काहीतरी मिळालं होतं.

भीती घालावी तर पोर किंचाळणार. ओढावं तर अध्यक्ष जागे होणार. शहाण्या आईने अशा वेळी काय करायचं, हे मळूने वाचलं होतं, पण त्यातलं एक अक्षर आठवेना. तेव्हा ती खरं बोलली.

"इवले, चुकलं माझं. तुझा दगड मीच घालवला. वर कड्यावर दगड असतील. मला नक्की माहीत नाही. शोधायला येतेस?"

इवलीने विचार केला. अध्यक्षांनी झोपेत ओठ चाटले. मग हळूच, एका कडेने सोलल्यासारखी, ती सुटली.

दोघी प्रवाहाच्या उलट निघाल्या. वाटेत चिलापींनी चौकशी केली. एवढी छान नदी सोडून कुठे, मुलीच्या शाळेचं काय?  मळूने हवापालट असं सांगितलं.

जंगलाच्या वरच्या टोकाला नदी कड्यावरून पडत होती. गव्यांना तिथे चढता आलं नव्हतं, म्हणून सुधारणा खालीच थांबली होती. खडक काळा, ओला आणि हिरवागार होता. मळूने वर पाहिलं. तिला वाटलं, परत जावं, नवा अर्ज करावा.

इवली तोवर हातभर वर गेली होती. ओठ टेकवायचा, पोट सरकवायचं, पुन्हा ओठ टेकवायचा. मध्येच थांबून ती शेवाळ खात होती. पाणी अंगावरून धडधडत जात होतं आणि पोरगी जेवत होती.

मळू तिच्यामागून निघाली. दोनदा घसरली, तिसऱ्यांदा टिकली. अर्ध्या कड्यावर आल्यावर तिला एकदम सगळ्याचा अर्थ कळला. आयांना अर्थ नेमका अशाच जागी कळतो, आणि कळला की तो मुलांना तिथल्या तिथे सांगावाच लागतो. तिने हाक मारली, "इवले, यावरून आपण काय शिकलो?" आणि सांगायला सुरुवात केली.

तात्पर्य : मुलांच्या वाटेतले धोंडे आईने जरूर काढावेत. धोंडे काढले की नदीत मुलं सुखाने वाढतात, गुटगुटीत होतात आणि त्यांची संख्याही भरते. फक्त ती मुलं दुसऱ्यांची असतात.

इवलीने खाली वळून पाहिलं नाही. दगडावरचा ओठ जेमतेम उचलून ती म्हणाली, "आई, बोलू नकोस. तोंड उघडलंस की सुटशील."