बिननात्याचा वकील

"सिंधुदुर्गात जमीन घेवन फसूचो नाय असो पयलो माणूस बगूचो आसा?" कट्टा बाजारातल्या हॉटेलात चहाचा ग्लास खाली ठेवत भाई नाईकांनी विचारलं, आणि कोणी उत्तर देण्याआधी स्वतःच्याच छातीवर बोट ठेवलं. "ह्यो बगा. नीट बगून घेवा."

भाईंना असं बोलायचा अधिकार होता. हायस्कुलात हेडक्लार्क म्हणून सगळी नोकरी झालेली. त्यांनी लिहिलेल्या अर्जाला नाही म्हणणारा साहेब अजून जिल्ह्यात बदलून आला नव्हता. गावात कोणाला वीज हवी असो किंवा शेजाऱ्याची वीज तोडायची असो, अर्ज भाईंचाच. कित्येकदा दोन्ही अर्ज भाईंचेच असत आणि दोन्ही मंजूर होत.

जमीन होती लवू गावड्याची, भाईंच्याच गावात. चार माड, काजूची झाडं आणि मधोमध विहीर. भाई आणि त्यांची बायको सरला बाजारात माडीवर भाड्याने राहत, आणि पाणी जिन्याने वर चढवत. वडिलोपार्जित घराच्या वाटणीत भाईंच्या वाट्याला पडवीचा एक खांब आला होता, तोही मधला. सरलाबाईंनी लवूच्या विहिरीत डोकावून पाहिलं, एक चूळ पाणी प्यायलं आणि तिथल्या तिथे स्वयंपाकघराची जागा ठरवून टाकली.

"माका हीच जागा व्हयी," त्या म्हणाल्या. "दुसरी दाखवू नका."

"भाई, तुका देतंय म्हणजे देतंय," लवू म्हणाला. "पण गणपतीपर्यंत काय ता कर. मगे माझो भरवसो नाय."

आता उरला होता फक्त वकील.

भाई मालवणला धुरी वकिलांकडे गेले. आपल्याकडे कोणताही व्यवहार सुरू होण्याआधी एक चौकशी होते. ती कायद्यात कुठे लिहिलेली नाही, पण ती झाल्याशिवाय कायदा पुढे सरकत नाही.

"खंयचे तुमी?" धुरींनी विचारलं.

"कट्ट्याकडचो. नाईक."

"आवस खंयची?"

"आचऱ्याची."

"आचऱ्याची म्हणजे सुभद्रामावशी?" धुरी खुर्चीतून उठलेच. "अरे, ती माझ्या आजयेची भाची! मगे मेल्या हापिसात कित्याक इलंस? घराकडे येवचा!"

चहा आला, खाजं आलं. भाईंनी फीचं पाकीट पुढे केलं तेव्हा धुरींनी ते असं ढकललं की पाकीट टेबलावरून खाली पडलं. घरच्या माणसाकडून फी घेणं शक्य नव्हतं. फी नाही म्हणून पावती नाही. पावती नाही म्हणून काम कुठे नोंदलेलं नाही. आणि जे काम नोंदलेलंच नाही, त्याला उशीर झाला असं कोणालाही म्हणता येत नाही. भाई दर आठवड्याला फोन करत. धुरी म्हणत, "घरचा काम आसा, घायगडबडीत करूचा नसता."

शेवटी एकदा भाईंनी थेटच विचारलं, "जमिनीच्या जुन्या कागदांचो सर्च झालो?"

"झालो तर. लवूकच विचारलंय. तो म्हणता, काय एक भानगड नाय. आणि लवू म्हणजे तरी परको खंय? माझ्या मेव्हण्याचो मावसभाव."

भाई तिथून निघाले ते निष्कर्ष घेऊनच. दोष धुरींचा नव्हता, नात्याचा होता. ज्याच्याशी नातं नाही असा वकील हवा.

म्हणून ते कुडाळला संचिता वालावलकरांकडे गेले. तिथलं ऑफिस एसी होतं, आणि बाईंनी "खंयचे?" न विचारता "पॅन कार्ड आणलंय?" असं विचारलं. भाईंना भरून आलं. फीचा आकडा ऐकून तर त्यांना धीरच आला. त्यांनी पाकीट दिलं, बाईंनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. एवढ्यात शेजारी बसलेल्या सरलाबाईंचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे गेलं.

"गो, ही यशोदा ना?"

"माझी सासू. तुम्ही कशा ओळखता?"

"अगो, आमच्या लग्नात हिनाच माका हळद लावली!"

भाईंनी बायकोचा पाय दाबला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. संचिताबाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि दोघांच्या पाया पडल्या. मग ड्रॉवर उघडला.

"नको गो बाय," भाई हात जोडून म्हणाले. "परत करू नको. घे फी. व्हयी तर दुप्पट घे."

"मामानू, तुमच्याकडसून फी घेतलंय तर सासू माका घरात घेतली काय?"

पाकीट परत आलं. वर एक डबा लाडू आले. जमिनीचे कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेले. घरच्या माणसांच्या कागदांसाठी तो कप्पा खास राखलेला होता.

गणपती जवळ येत चालले तेव्हा भाईंनी वाकडी वाट धरली. बांद्याचे शेट्ये वकील फार कोरडे म्हणून प्रसिद्ध होते. सख्खा भाऊ सल्ल्याला आला तेव्हा त्यालाही त्यांनी बाहेरच्या बाकड्यावर बसवून नंबर घ्यायला लावला होता. तरी भाईंनी धोका पत्करला नाही. बांद्याच्या एसटीत बसल्यापासून ते, मालवणी तोंडातून निसटू नये म्हणून, मनातल्या मनात 'कुठे', 'मला', 'आहे' घोकत होते. खिशात आधार कार्ड होतं, आणि त्यावर पत्ता होता पुण्याचा. मुलगी इशिता पुण्याला ज्या सोसायटीत राहते तिथे पाहुण्यांना लिफ्ट वापरायला बंदी आहे. भाईंचे गुडघे दुखतात. म्हणून लिफ्टपुरता त्यांनी पत्ता बदलून घेतला होता.

"कुठले आपण?" शेट्यांनी विचारलं.

"पुण्याचा," भाई म्हणाले, आणि आधार कार्ड पुढे केलं. पुरुषोत्तम विठ्ठल नाईक, राहणार पुणे.

शेट्यांनी आई कुठली ते विचारलं नाही. फी घेतली, पावती दिली आणि पाणीसुद्धा पाजलं नाही. भाईंना आयुष्यात इतकं सुरक्षित कधी वाटलं नव्हतं.

"शेतजमीन आहे. शेतकरी असल्याचा पुरावा लागेल," शेट्ये म्हणाले.

पुरावा होता. पडवीच्या खांबाबरोबर भाईंना गावची पाच गुंठे भातजमीनही आली होती. पण तो कागद दाखवला तर गाव कळणार. गाव कळलं की नातं निघणार आणि नातं निघालं की फी परत येणार. "खरेदीच्या दिवशी देतो," भाई म्हणाले. "बंद पाकिटात."

शेट्ये खरोखरच काम करणारे वकील निघाले, आणि घात तिथेच झाला. आठवड्याच्या आत त्यांनी पेपरात जाहीर नोटीस दिली. आमचे अशील पुरुषोत्तम विठ्ठल नाईक, राहणार पुणे, हे लवू गावडे यांची जमीन विकत घेत असून कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावे.

गावात पेपर येतो तो मासे गुंडाळायला. पण बाबू परबाने नोटीस पाहिली आणि गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "पुण्याचो धनदांडगो गावात घुसता. जमीन वाचवा." नोटीस कोणी वाचली नाही, मेसेज सगळ्यांनी वाचला. नोटीस वाचली असती तरी फरक पडला नसता, कारण भाईंचं नाव पुरुषोत्तम आहे हे गावात एका सरलाबाईंशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. आणि सरलाबाईंनीही मेसेजच वाचला होता. बांद्याचं सगळं प्रकरण भाईंनी त्यांच्यापासूनही लपवून ठेवलेलं होतं. कुडाळच्या अनुभवानंतर ते योग्यच होतं.

देवळात सभा भरली. जमीन विकणारा म्हणून लवूला तेवढं बोलावलं नव्हतं. बाबूने आपली सड्यावरची जमीन आधीच दिल्लीच्या पार्टीला विकलेली असल्यामुळे गावाची जमीन वाचवायला त्याच्याकडे भरपूर वेळ होता. समिती स्थापन झाली, आणि अध्यक्ष कोण यावर चर्चासुद्धा झाली नाही.

"भाईंशिवाय हरकत कोण लिवतलो?" बाबू म्हणाला.

"माका जमूचा नाय रे," भाई म्हणाले. "गुडघे दुखतत."

"बरा. मगे आमच्या झिलाक सांगतंय. तो मोबायलाक सांगान दोन मिनटात लिवन घेता."

भाईंच्या अंगावर काटा आला. आपल्या गावचा अर्ज मोबाईल लिहिणार? "हाड तो कागद हयसर," ते म्हणाले.

त्यांच्या मनात एक मिळमिळीत, दातपडका अर्ज लिहायचा होता. पण चाळीस वर्षांचा हात काही ऐकेना. 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं लिहिल्यावर तो थांबलाच नाही. अशील हा शेतकरी असल्याचा कोणताही पुरावा नोटिशीत नाही. अशिलाचा गावाशी काडीचाही संबंध नाही. अशिलाचा हेतू संशयास्पद आहे. तिसऱ्या पानावर येईपर्यंत भाईंना स्वतःलाच त्या पुण्याच्या माणसाचा भयंकर राग यायला लागला. अर्ज सह्यांसाठी घरोघर फिरला. लोकांनी पेन मागितलं, चष्मा कोणी मागितला नाही. सरलाबाईंनी भाकरी थापता थापता सही केली.

"मेलो पुण्याचो," त्या म्हणाल्या. "माझ्या विहिरीवर डोळो ठेवता!"

शिष्टमंडळ टेम्पोने बांद्याला गेलं. सगळ्यांत पुढे हार घातलेले भाई, मागोमाग सरलाबाई. शेट्यांनी दारात आपल्याच अशिलाला आपल्याच अशिलाविरुद्ध घोषणा देताना पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. असा वकील आख्ख्या कोकणात शोधून सापडला नसता.

"तुमच्या त्या पुणेकाराक आमच्यासमोर हाडा!" बाबू ओरडला.

"माझे अशील इथे आहेत की नाहीत, हे मी सांगू शकत नाही," शेट्ये म्हणाले. "हरकत वाचा."

भाईंनी वाचली. आवाज चढत गेला, शेवटच्या परिच्छेदाला टाळ्या पडल्या.

"हरकत मजबूत आहे," शेट्ये भाईंच्या डोळ्यांत पाहून म्हणाले. "अशिलाने माघार घ्यावी असा माझा सल्ला राहील."

भाईंनी सरलाबाईंकडे पाहिलं. त्या टाळ्या वाजवत होत्या. गणपतीला आठवडाही उरला नव्हता. भाईंनी हार काढून टेबलावर ठेवला.

"तो पुरुषोत्तम नाईक मीच आसंय," ते म्हणाले.

सगळे पोट धरून हसले. "भाई मस्करी बरी करता!" बाबू म्हणाला. मग भाईंनी आधार कार्ड काढलं. ते या हातातून त्या हातात गेलं, आणि जसजसं गेलं तसतसं हसू आटत गेलं. जाहीर नोटीस न वाचणाऱ्या त्या गावाने पहिल्यांदाच एक कागद नीट वाचला.

"पुणे," बाबू हळूच म्हणाला. "भाई, तू गावाभायलो?"

"अरे, लिफ्टीसाठी—"

"इतकी वर्षां आमच्यात राह्यलंस, आणि आमका पत्तो लागूक दिलंस नाय!"

"बाबू, मेल्या, तुझ्या बापसाच्या पेन्शनीचो अर्ज कोणी लिवलो?"

"तोच तर इचार करतंय मी," बाबू म्हणाला. "पुण्याच्या माणसाक आमच्या घरातली इतकी म्हायती कशी?"

"अवो," सरलाबाई पुढे झाल्या. "विहीर माझी म्हणान मी ह्या सगळ्यांक घेवन इलंय, आणि तुमी माका न सांगता पुणेकार झालात?"

भाई 'अगो' म्हणाले. पुरावा म्हणून आणलेलं भातजमिनीचं बंद पाकीट त्यांनी पुढे केलं, पण भायल्याच्या पाकिटाला कोणी हात लावला नाही. शेट्यांनी सल्ल्याची वेगळी फी घेतली आणि पावती दिली.

समितीची बैठक तिथेच, वकिलांच्या व्हरांड्यात झाली. रिकाम्या झालेल्या अध्यक्षपदावर सौ. सरला नाईक यांची एकमताने निवड झाली. गावाच्या भावना तीव्र आहेत हे बघून लवूने भाईंना जमीन द्यायला नकार दिला. भाईंनी पुन्हा प्रयत्न करू नये म्हणून समितीने त्यांच्यावर पाळत ठेवायचा ठराव केला. पाळीपाळीने दोन दोन माणसं माडीखाली बसू लागली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लवूची जमीन मुंबईच्या एका बिल्डरने घेतली. तिचीही जाहीर नोटीस त्याच पेपरात, त्याच पानावर रीतसर आली होती. तुमच्याही घरी तो पेपर येतो. चौदा दिवसांत एकही हरकत आली नाही.