टिंबांतले अप्पा

आमच्या चाकणच्या कंपनीतले गायकवाड माउसला हात लावत नाहीत. कुणी टेबलावर ठेवलाच तर शेपटीला धरून उचलतात आणि खणात टाकतात. "माउसनं माणूस ढिला पडतो," असं त्यांचं म्हणणं.

सर्व्हर रूम त्यांच्या ताब्यात. काळी स्क्रीन आणि हिरवी अक्षरं, एवढाच संसार. मी क्वालिटीत आहे. रिपोर्ट अडला की त्यांच्याकडे धावते. "होईल ना?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "होईल मॅडम. पण काहीतरी होणार राव." पंखा जरा घरघरला तरी त्यांचा हात छातीवर जातो. पाण्याच्या बाटल्या दोन आणतात, एक सांडली तर म्हणून.

स्क्रीनच्या कोपऱ्यात टिंबांची आणि @ची एक रांगोळी असायची. दर मिनिटाला पुसली जायची, पुन्हा उमटायची. स्क्रीन बिघडलीय, असं मी म्हणाले तर गायकवाड दुखावलेच.

"लांब उभ्या राहा. डोळे बारीक करा."

केले. टिंबांतून खुर्ची निघाली. खुर्चीत माणूस.

"आमचे अप्पा. चिखलीला, घरी."

अप्पा म्हणजे वडील. सगळी हयात कारखान्यात गेली, मशीनच्या आवाजानं कानही गेले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. गेल्या वर्षी घरात पडले आणि गायकवाड शिफ्ट संपवून येईपर्यंत फरशीवरच होते. तेव्हापासून घरात कॅमेरा आहे. पण आमचे मोबाइल गेटवर जमा होतात, आणि गायकवाडांच्या त्या स्क्रीनवर अक्षरांशिवाय काही उमटत नाही. म्हणून त्यांनी बाप अक्षरांत उतरवला. उजेड तिथे टिंब, अंधार तिथे @.

घोळ एकच. अप्पा इतके स्तब्ध बसत की चित्र अडकलंय की अप्पांनाच काही झालंय, ते कळेना. मग बापलेकांनी तोड काढली. दर तासाला, घड्याळ बघून, अप्पांनी पाच मिनिटं काळी टोपी घालायची. पांढऱ्या केसांची टिंबं जाऊन डोक्यावर @ जमले की गायकवाड खुर्चीत मागे टेकायचे.

"टोपी आली."

हळूहळू मीही तासाच्या ठोक्याला काहीतरी निमित्त काढून तिथे जायला लागले.

ऑडिटच्या दिवशी अकराची टोपी आली नाही. खुर्चीही रिकामी. अकरा पाच झाले, अकरा दहा झाले. ऑडिटर काहीबाही विचारत होते आणि गायकवाड कोपऱ्याकडे बघत नुसतं "होय, होय" म्हणत होते.

"चित्र अडकलंय का?" मी कुजबुजले.

"नाही. खिडकीचा पडदा हलतोय." त्यांचा आवाज खोल गेला होता.

मी ऑफिसच्या फोनकडे पळाले. त्यांच्या शेजारच्या काकूंचा नंबर टेबलावर चिकटवलेला होता, तो मला पाठ झाला होता. तरी दोनदा चुकला. काकू मोबाइल कानाला लावूनच अप्पांच्या घरात गेल्या.

"अवं, कॉटवर झोपल्यात! उठवलं म्या. लई वरमल्यात बगा."

"बरे आहेत ना?"

"बरं हायेत. पण त्यांस्नी जरा झोपू द्या की. दिवसभर डोळा लावत न्हाईत. म्हंत्यात, टोपी चुकली तर आमचा तिकडं घाबरंल."

मी परत आले तोवर खुर्चीत माणूस होता आणि डोक्यावर @ होते. काकूंचं बोलणं मी जसंच्या तसं सांगितलं. गायकवाडांनी ऑडिटरसमोरच डोळे पुसले. ऑडिटरनी "इथे धूळ फार आहे का?" असं विचारून काहीतरी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून एक ते चार टोपी बंद. कॅमेरा आता खुर्चीबरोबर कॉटही दिसेल असा वळवलाय. गायकवाड स्क्रीनसमोरच डबा खातात. काळजी काही गेलेली नाही, पण टोपी मागत नाहीत.

परवा मी दोन वाजता गेले. रिपोर्ट अडला होता. गायकवाड की-बोर्डवर बोटं अगदी हलकी टेकवत होते, एरवी नुसती खडखड असते.

"काय झालं?" मी विचारलं.

"हळू मॅडम," ते म्हणाले. "झोपलेत."

अप्पांना शेजारी ढोल वाजला तरी ऐकू येत नाही. पण मीही बाहेर पडताना दार आवाज न करता लावलं.