नगाचा माल, वजनाचा माल

टेंबेकाकांच्या घरी जेवायला बसून तुम्ही इंग्रजीत 'अ राइस' मागितलात, तर ताटात भाताचं एक शीत पडतं. आमच्या ह्यांच्या ताटात पडलं होतं. हे बिजौलीच्या कारखान्यातून दमून, भुकेले आले होते. काकांची गंमत करावी म्हणून इंग्रजीत बोलायला गेले आणि अडकले. काकांनी चिमटीत एकच शीत धरून गंभीर चेहऱ्यानं वाढलं आणि सांगितलं, 'अ' म्हणजे एक, ते तुम्हाला मिळालं, आता 'सम' म्हणा म्हणजे भातवाढी पुढे येईल. ह्यांनी निमूटपणे 'सम' म्हटलं.

काका आमचे शेजारी. मूळचे भुसावळचे, पण रेल्वेनं तरुणपणीच झाशीला आणून टाकलं आणि ते इथलेच झाले. सगळी नोकरी स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात गेली. तिथे जगातल्या यच्चयावत वस्तूंचे दोनच प्रकार: नगाचा माल आणि वजनाचा माल. निवृत्तीनंतर काकांनी सदर बाजारातून इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक आणलं आणि त्यातला खाद्यपदार्थांचा धडा वाचून ते लगबगीनं आमच्या दारात आले. म्हणाले, "माधुरी, हे तर आपलं पार्सल ऑफिसच आहे." तेव्हापासून त्यांनी अख्खं स्वयंपाकघर नव्यानं बुक केलं. लाडू नगाचा, त्याला 'अ' लावा. शिरा वजनाचा, त्याला 'अ' चालत नाही, 'सम' लावा. अंड्याला 'अॅन'. काका स्वतः अंडं खात नाहीत, पण म्हणून त्याच्यावर अन्याय होऊ नये असं त्यांचं मत आहे.

काही माल मात्र त्यांना फार छळायचा. कलिंगड अख्खं असेपर्यंत नगाचं, कापलं की वजनाचं. पापड नगाचा, पण कुस्करून चटणीत घातला तर काय? पोह्यांचं तर विचारूच नका. मराठीत ते कायम घोळक्यानं येतात, 'पोहे झाले' म्हणतो आपण, आणि इंग्रजीत मात्र निमूटपणे वजनात जातात. हा पोह्यांचा विश्वासघात आहे, असं काका मला भाजीच्या गाडीपाशी उभं राहून सांगत होते आणि भाजीवाला दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

आमचा दूधवाला रामकिशोरही सुटला नाही. काकांनी त्याला हिंदीत बजावलं, भैया, दूध के आगे कभी 'अ' मत लगाना. तो बिचारा कॅन खाली ठेवून म्हणाला, "कक्काजू, हम तो पानी भी नईं मिलाउत." काकांनी त्याचा हा खुलासा दूध आटवून तपासून पाहिला, ती गोष्ट वेगळी.

लोक हसायचे. मीही हसायचे. पण हे सगळं कशासाठी चाललंय ते मला माहीत होतं. काकांचा एकुलता एक मुलगा शिरीष कॅनडात असतो. त्याची मुलगी इरा तिथेच जन्मली, चौथीत शिकते, आणि तिला इंग्रजीच येतं. काकू गेल्या त्या वर्षी काकांनी एकदा फोनवर तिला विचारलं होतं, "डिड यू ईट अ राइस?" पोर खुदकन हसली. मुलं हसतात तशीच हसली ती. काकांना मात्र वाटलं, आपण बोललो की नातीला हसू येतं, म्हणजे उद्या ती आपल्याशी बोलणारच नाही. आणि काकांना तर बोलण्यासारखं एकच ठाऊक होतं: जेवलीस का, काय जेवलीस, आणखी घे. ती झाशीला येईल तेव्हा आपल्या पानावर पोटभर जेवावी आणि आपल्याशी बोलावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यासाठी हा सगळा खटाटोप.

या हिवाळ्यात इरा आली. शिरीष तिला सोडून कामासाठी आठवडाभर दिल्लीला गेला. पहिल्या रात्री मला जेवायला बोलावलं होतं. काकांनी स्वतः राबून वरणभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, बेसनाचे लाडू केले होते. इस्त्रीचा सदरा घालून ते पुऱ्यांची टोपली घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वुड यू लाइक अ पुरी?" मी मनात वाहवा केली. इरानं मान खाली घालून हळूच सांगितलं, नो, थँक यू. काकांनी पुरी परत टोपलीत ठेवली. मग सम राइस. नो, थँक यू. भातवाढी परत गेली. लाडवाचंही तेच झालं.

मी बघतच राहिले. आपल्याकडे पाहुण्याचं पहिलं नको कोण ऐकतं? या घरात तर काकू असताना पाहुणा ताटावर आडवा पडला तरी वाढप थांबत नसे, आणि काका त्यांच्याही वरताण. पण शिरीषनं त्यांना फोनवर पढवून ठेवलं होतं की बाबा, तिकडे नो म्हणजे नो, पुन्हा पुन्हा विचारणं असभ्य समजतात. काका शब्दाचे पक्के. त्यांनी एकदाच विचारलं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच; पोटात जायची ती फक्त तिनं सोबत आणलेली बिस्किटं. काकांचा चेहरा उतरला. चौथ्या दिवशी सकाळी कुंपणापाशी येऊन त्यांनी मला विचारलं, "खरं सांग माधुरी, माझं 'सम' चुकतंय का गं? की हाताला चव नाही?" चूक एकही नव्हती.

त्याच दुपारी इरा आमच्याकडे आली. मी मेथीचा पराठा टाकत होते. विचारलं, खाणार? नो, थँक यू, आंटी. आता मी पडले झाशीची. ऐकलं न ऐकल्यासारखं करून पराठा तिच्यासमोर ठेवला, वर लोण्याचा गोळा. तिनं तो संपवला. दुसरा ठेवला, तोही गेला. पोरीला सपाटून भूक लागली होती. मग तिनं बोटं चाटत मला तिच्या इंग्रजीत जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

विमानात शिरीषनं तिलाही पढवलं होतं. आजोबांच्या घरी लगेच हो म्हणायचं नाही, हावरट दिसतं. आधी नको म्हणायचं. आजोबा पुन्हा विचारतील, पुन्हा नको म्हणायचं. मग ते वाढतातच. तेव्हापासून ती पोर दर जेवणात नको म्हणून वाट बघत बसली होती.

"आजोबा दुसऱ्यांदा विचारतच नाहीत," ती म्हणाली. "मी त्यांना आवडले नाही का?"

मी गॅस बंद केला आणि तशीच पिठाच्या हातानं काकांकडे गेले. सगळं सांगितलं. काका खुर्चीत बसून ऐकत होते. मग उठले आणि कणीक मळायला घेतली.

संध्याकाळी मलाही बसवलं. टोपली आली. इरा म्हणाली, नो, थँक यू. काकांच्या तोंडातलं सगळं इंग्रजी पळालं. "नको काय नको? एक घ्यायचीच," असं म्हणत ते पुढे वाकले. इरानं चमकून वर पाहिलं. मग तिच्या तोंडावर हसू पसरलं आणि तिनं दोन्ही हात ताटावर आडवे धरले. "नको, आजोबा," ती म्हणाली. तिच्या तोंडून मराठी शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. काकांनी पुरी वरून सोडली, ती तिच्या हातांमधून अलगद ताटात पडली. मग एक आजीच्या नावाची, एक बाबाच्या नावाची. दर वेळी नको, दर वेळी हात आडवे.

काका पुढचा घाणा तळायला आत गेले ते बाहेर येईनात, म्हणून मी बघायला गेले. तेल तापून धूर यायला लागला होता. काका कढईकडे पाठ करून उभे होते, पंच्यानं डोळे पुसत.

"शिरीष लहानपणी असेच हात धरायचा," ते म्हणाले. "मधे फट ठेवून. पुरी पडावी म्हणून. मला वाटलं होतं, तिकडे जाऊन तो सगळं विसरला. त्यानं पोरीला फट ठेवायलासुद्धा शिकवलंय गं."

मी गॅस बारीक केला आणि पुऱ्या लाटायला बसले.