ओदीलबाईंच्या निळ्या पट्टीची हकीकत

श्रीसरस्वती आधी कानी वसो, जिव्हेवर सवडीने येवो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, त्या साली फरासीस म्हणजे फ्रेंच बोलीच्या एका राज्यात जे वर्तमान घडले ते जसे कळले तसे लिहिले आहे. राज्याचे नाव विचारू नये. विचारून कोणाचे भले होणे नाही.

त्या राज्याचे समुद्रापलीकडील इंग्रजांच्या बेटाशी कामकाज बहुत वाढले, आणि कारभारी मुसा गास्पार (मुसा म्हणजे त्यांच्या बोलीत साहेब) यांनी मनी आणिले की आपल्या विद्यार्थ्यांस इंग्रजी कानाने कळावी, आणि मग हुकूम जाहला की सर्वांनी शाळेत बसून इंटरनेटावरील इंग्रजी व्हिडिओ, बातम्या, व्याख्याने ऐकावी आणि शब्दसंग्रह वाढवावा. लोकांची गत अशी की दोन्ही भाषांत हजारो शब्द सारखे, म्हणून कागदावर पाहता इंग्रजी घरची वाटे, आणि तेच शब्द इंग्रजाच्या तोंडून निघाले की एकही ओळखू न ये. मग पोरांनी युक्ती काढिली, की पडद्याच्या तळाशी फरासीस अक्षरे उमटवावी, ती वाचावी आणि हसावयाच्या जागी हसावे. मुसा गास्पार पाहणीस आले, दोनशे पोरे एके वेळी हसली, आणि मुसा बहुत संतोषी होऊन बोलिले, "वा! सारं राज्य इंग्रजी समजू लागलं." खुद्द मुसांस ऐकून एक वाक्य उमगत नसे, हे लिहिणे भाग आहे.

त्या शाळेत ओदीलबाई म्हणून शिक्षिका होत्या. तरुणपणी त्या बेटावर शिकावयास जाणार, शब्दकोश पाठ केलेला, आणि बेटाच्या वकिलापुढे, म्हणजे राजदूतापुढे, उभ्या राहिल्या तो त्याचे बोलणे काडीचे न कळले, आणि हात हलवीत घरी आल्या. तो सल तीस वर्षे गेला नाही, आणि त्यापायीच ऐकून ऐकून त्यांनी इंग्रजी कानाने साधिली. त्यांनी निळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून प्रत्येक पडद्याच्या तळाशी चिकटविल्या आणि अक्षरे झाकिली, आणि रीत घातली की तीन मिनिटांचा तुकडा आधी नुसता ऐकावा, मग ऐकून लिहावा, मग पट्टी उचलून, फरासीसऐवजी इंग्रजी अक्षरे लावून, त्यांशी ताडावा, आणि हुकलेले पाच शब्द वहीत उतरून दुसरे दिवशी आपल्या वाक्यात बोलून दाखवावे. कोणी हुकला की बाई म्हणत, "चूक! पुन्हा ऐक." ती सवय हाडीमासी इतकी खिळली की पाववाल्याने वार भलता सांगितला तरी तोंडून "चूक!" आधी निघे आणि विचार मागाहून येई. पोरे रडकुंडीस आली, आणि आईबाप ओरडले की काल हसत होती ती लेकरे या बाईने अडाणी ठरविली, आणि मग मुसांनी बाईंस शाळेतून काढिले आणि पट्ट्या कचऱ्यात टाकविल्या. खरे काम करणाराची ऐशीच बूज राखितात.

एकटी सोलांज, होड्या दुरुस्त करणाराची लेक, बाईंचे घरी येत राहिली. तिजला गलबते बांधण्याची विद्या शिकणे होते आणि ती विद्या बेटावर. एके दिवशी धावत आली आणि म्हणाली, "बाई, डोकं फुटायची वेळ आलीय. पण समुद्राच्या हवामानाच्या बातम्या अख्ख्या कळल्या!"

"अख्ख्या? बरं, वारा कुठून होता सांग."

तिने बिनचूक सांगितले, आणि बाई खिडकीकडे तोंड करून डोळे पुसू लागल्या. आपण गेलो नाही, ही जावो, एवढे एकच मागणे त्यांचे उरले होते.

पुढे माघ मासी बेटाचा वकील आला, की एका विद्यार्थ्यास आमचे गलबतशाळेत न्यावे. मुसांनी निवडक वीस पोरे उभी केली, आणि वकील बोलू लागला, आणि विसांच्या विसांनी नजर त्याचे हनुवटीखाली लाविली, की अक्षरे आता उमटतील, मग उमटतील. वकिलाने तीन वेळा गळपट्टा चाचपला, त्यास वाटले काही सांडले आहे. मुसांची बोबडी वळली आणि ओदीलबाईंस तातडीचे बोलावणे गेले. बाई सोलांजला घेऊन आल्या, आणि ती दोहींकडील बोलणे धडाधडा सांगू लागली, आणि वकील खूष होऊन बोलिला, "हीच मुलगी मजला द्यावी." तेही तिनेच सांगितले.

मुसांनी विचार केला, ही गेली तर दरबारास ऐकून सांगणार कोण? आणि बोलिले, "सांग त्यांना, दरबारची परवानगी नाही."

सोलांज वकिलाकडे वळली आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "दरबारची परवानगी आहे. आजच न्यावं."

वकील हसला. मुसांस संशय आला, की नकार ऐकून हसावे असे काय, आणि त्यांनी विचारिले, "काय बाई, बरोबर सांगितलं ना हिनं?"

"चूक!" ओदीलबाई बोलून गेल्या.

शब्द सुटला, मग विचार आला. बाईंनी तोंडावर हात दाबिला, तो काय उपयोग? मुसा गरजले, "मग तुम्हीच सांगा!" आणि चौकीदारांनी सोलांजला मागे ओढिले, आणि बाईंनी तेच वाक्य इंग्रजीत सांगितले, परवानगी नाही म्हणून. वकील झुकला आणि बोलिला की या राज्यात इतके शुद्ध उच्चार प्रथमच कानी आले. तीस वर्षे ज्या शाबासकीस जीव तळमळला ती ऐशी मिळाली. दरबाराने सत्य बोलण्याबद्दल मानाची वस्त्रे दिली. बाईंनी ती घरी नेऊन उलगडलीसुद्धा नाहीत.

दुसरे दिवशी त्या सोलांजच्या दारी गेल्या. "पोरी, माझं एकदा ऐक."

"ऐकलं की, बाई," ती म्हणाली, "सगळं ऐकायला तुम्हीच शिकवलंत." आणि दार लाविले.

एकूण वर्तमान इतके. सोलांज मुसांच्या खुर्चीमागे उभी राहून ऐकले ते सांगते. शाळेत पोरे अक्षरे वाचून हसतात. राज्यात इंग्रजी ऐकून कळणाऱ्या दोघीच, आणि त्या एकमेकींशी कोणत्याच भाषेत बोलत नाहीत.